पाच डॉलरच्या नोटेवरचा लिंकन ज्याच्या स्टुडिओत टिपला गेला, तो फोटोग्राफर कंगाल कसा झाला?

अमेरिकेची पाच डॉलरची नोट पाहिली असेल, तर तिच्यावर अब्राहम लिंकन आहे हे तुम्हाला माहीत असेल. दाढी, खोल गेलेले डोळे, थकलेला चेहरा. हा चेहरा कुणी मनाने काढलेला नाही. 9 फेब्रुवारी 1864 ला वॉशिंग्टनमधल्या एका स्टुडिओत लिंकनचे काही फोटो निघाले, त्यातल्या एका फोटोवरून तो घेतलाय.

स्टुडिओच्या मालकाचं नाव मॅथ्यू ब्रेडी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत फोटोग्राफर म्हटलं की पहिलं नाव याचंच निघायचं. राष्ट्राध्यक्ष, सेनापती, गायिका, सर्कसवाले, इंग्लंडचा युवराज, सगळे त्याच्या खुर्चीत बसून गेले. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गॅलरी, वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर दुसरी गॅलरी. म्हणजे आजच्या भाषेत धंदा एकदम सेट.

आणि हाच माणूस 15 जानेवारी 1896 ला न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमध्ये, फुकट उपचार मिळणाऱ्या गरिबांच्या वॉर्डात वारला. जवळ पैसा नव्हता. अंत्यसंस्काराचा खर्चही ओळखीच्या माजी सैनिकांनी उचलला.

कॅमेरा घ्यायला पैसे मागितले की घरातून एक प्रश्न हमखास येतो, यावर पोट भरणार आहे का? ब्रेडीच्या आयुष्यात या प्रश्नाची दोन उत्तरं सापडतात आणि दोन्ही खरी आहेत. त्यामुळे ही स्टोरी जरा निवांत वाचा.

ब्रेडीचा जन्म 1823 च्या आसपासचा. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या भागात, आयर्लंडहून आलेल्या शेतकरी कुटुंबात तो वाढला. सोळा-सतरा वर्षांचा असताना विल्यम पेज नावाच्या चित्रकाराशी ओळख झाली आणि त्याच्या नादाने पोरगा न्यूयॉर्क शहरात आला. साल होतं साधारण 1839-40. नेमकं याच काळात पॅरिसमध्ये लुई दाग्येरने डॅगेरोटाइपचं तंत्र जाहीर केलं होतं. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्यावर आयोडिनची वाफ, कॅमेऱ्यात ठेवून प्रकाश द्यायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं. एका पत्र्यावर एकच चित्र, दुसरी कॉपी नाही.

हे तंत्र न्यूयॉर्कमध्ये शिकवणाऱ्यांमध्ये एक नाव होतं सॅम्युएल मोर्स. होय, तोच तारायंत्रवाला मोर्स. मूळचा तो चित्रकार, आणि त्या दिवसांत पैशाची चणचण असल्याने फी घेऊन फोटोग्राफी शिकवायचा. ब्रेडी त्याच्याकडे शिकला असं मानलं जातं. पण शिकला आणि लगेच स्टुडिओ टाकला असं काही झालं नाही. आधी दुकानात कारकुनी केली, मग दागिन्यांच्या डब्या बनवायचा धंदा केला. डॅगेरोटाइपचा पत्रा नाजूक असतो, बोट लागलं तरी खराब होतो, म्हणून तो काचेच्या आत बंद करून मखमली अस्तराच्या डबीत ठेवावा लागायचा. ब्रेडी अशा डब्या फोटोग्राफर लोकांना विकायचा. म्हणजे या धंद्यात पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे त्याने आधी बाहेरून पाहून घेतलं.

1844 मध्ये त्याने ब्रॉडवे आणि फुल्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर स्वतःची गॅलरी काढली. वय जेमतेम एकवीस-बावीस. जागा बघा काय निवडली. पी. टी. बार्नमचं गाजलेलं म्युझियम तिथून हाकेच्या अंतरावर होतं. गावोगावची माणसं न्यूयॉर्क बघायला आली की बार्नमकडे जायचीच. तीच गर्दी ब्रेडीला हवी होती.

आता त्याचं बिझनेस मॉडेल समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

ब्रेडी नामवंत लोकांना स्वतःहून बोलवायचा, त्यांचे फोटो काढायचा आणि गॅलरीच्या भिंतीवर लावायचा. आत येऊन बघायला कुणालाही मनाई नव्हती. लोक यायचे, ज्यांची नावं फक्त पेपरात वाचली त्यांचे चेहरे पहिल्यांदा बघायचे. आणि मग वाटायचं, ज्या खुर्चीत अमका सिनेटर बसला त्याच खुर्चीत आपणही बसून एक फोटो काढावा. हे दुसऱ्या प्रकारचे लोक पैसे देणारे. 1850 मध्ये बार्नमने स्वीडनची गायिका जेनी लिंड अमेरिकेत आणली. अख्खं न्यूयॉर्क तिच्यासाठी वेडं झालं होतं आणि ब्रेडीने तिला आपल्या कॅमेऱ्यासमोर बसवलं. आजचे ब्रँड सेलिब्रिटीला फुकट कपडे देऊन टॅग करायला सांगतात ना, त्यातलाच हा प्रकार. फक्त दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधीचा.

पुढे जॉन क्विन्सी ॲडम्सपासून विल्यम मॅकिन्लीपर्यंत एक हॅरिसन सोडला तर अमेरिकेचा प्रत्येक राष्ट्राध्यक्ष ब्रेडीच्या कॅमेऱ्यासमोर आला. तो हॅरिसन, विल्यम हेन्री, तर पदावर आल्यावर महिन्याभरात वारला होता, आणि तेव्हा ब्रेडीची गॅलरी निघालीही नव्हती.

स्पर्धा मात्र बेकार होती. 1850 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये गल्लोगल्ली डॅगेरोटाइपवाले झाले. कुणी पंचवीस सेंटमध्ये फोटो काढून द्यायला लागलं. ब्रेडीने भाव पाडला नाही. उलट स्वस्त कामाच्या विरोधात पेपरात जाहिरात दिली आणि आपली गॅलरी आणखी भारी केली. गालिचे, झुंबरं, बायकांसाठी वेगळी बसायची जागा. 1851 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात त्याच्या डॅगेरोटाइपना पदक मिळालं, ते नावही कामी आलं.

सगळं जमलं असंही नाही. 1849 मध्ये वॉशिंग्टनला गॅलरी काढायचा पहिला प्रयत्न फसला. 1850 मध्ये त्याने मोठ्या माणसांच्या चित्रांचा एक भारी ग्रंथ काढायला घेतला, चोवीस चित्रांची योजना होती, बारावर थांबावं लागलं. पैसे निघाले नाहीत. हा ग्रंथ नीट लक्षात ठेवा. पोर्ट्रेटला बसणारा माणूस स्वतःच्या चेहऱ्यासाठी पैसे मोजतो, देशाच्या इतिहासासाठी मोजेलच असं नाही, हे ब्रेडीला इथेच कळायला हवं होतं. नाही कळलं, किंवा कळूनही त्याने मनावर घेतलं नाही.

1856 मध्ये त्याच्याकडे एक स्कॉटिश माणूस कामाला लागला, अलेक्झांडर गार्डनर. हा या स्टोरीतला दुसरा महत्त्वाचा माणूस. तोवर डॅगेरोटाइप मागे पडून काचेच्या निगेटिव्हचं नवं तंत्र आलं होतं. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच डेव्हलप करायचा. या निगेटिव्हवरून कागदावर हव्या तितक्या कॉपी निघायच्या. गार्डनर यात तरबेज होता. त्याच्या जोरावर ब्रेडीने इम्पीरियल नावाचे मोठे फोटो काढायला सुरुवात केली. साधारण 17 बाय 21 इंच, त्यावर शाईने, रंगाने हाताचं काम. किंमत 50 डॉलरपासून 750 डॉलरपर्यंत.

750 डॉलर म्हणजे किती? 1861 मध्ये सुरू झालेल्या युद्धाच्या सुरुवातीच्या काळात उत्तरेच्या सैन्यातल्या साध्या शिपायाला महिन्याला 13 डॉलर पगार होता. म्हणजे शिपायाची पावणेपाच वर्षांची कमाई एका फोटोत. असे फोटो काढून घेणारी गिऱ्हाइकं ब्रेडीकडे होती. फोटोग्राफीवर पोट भरतं का, याचं पहिलं उत्तर हे. भरतं, आणि वर झुंबरंही लागतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ब्रेडीची नजर खूप अधू होती. जाड भिंगाचा चष्मा होता आणि 1850 च्या दशकातच त्याने स्वतः कॅमेरा चालवणं जवळपास सोडलं होतं. माणसाला कसं बसवायचं, प्रकाश कुठून घ्यायचा, हे तो बघायचा. काच तयार करणं, फोटो घेणं, डेव्हलप करणं हे पगारी माणसं करायची. लिंकनचा नोटेवरचा फोटोही अँथनी बर्जर नावाच्या त्याच्या माणसाने काढलाय. पण खाली नाव काय छापायचं? ब्रेडी. तेव्हा ही रीतच होती, सगळेच स्टुडिओवाले हे करायचे. तरी हे वाचताना मोठ्या वेडिंग कंपन्यांसाठी शूट करणारी आणि इन्स्टावर स्वतःच्या नावाने फोटो टाकायची परवानगी नसलेली पोरं आठवतात.

27 फेब्रुवारी 1860. इलिनॉयचा एक वकील न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये भाषण द्यायला आला होता. उंच, किडकिडीत, लांब मान, सुरकुतलेला चेहरा. पूर्वेकडच्या लोकांनी त्याला पाहिलेलं नव्हतं आणि तो दिसायला विचित्र आहे अशी चर्चा मात्र पोहोचली होती. त्या दिवशी तो ब्रेडीकडे गेला. ब्रेडीने त्याला उभं केलं, एक हात पुस्तकांवर ठेवायला लावला आणि मान लांब दिसू नये म्हणून कॉलर वर ओढायला सांगितली. नंतर चेहऱ्यावरच्या काही रेषा रिटचिंगमध्ये सौम्य केल्या. फोटोत जो माणूस दिसला तो रुबाबदार, भारदस्त, राष्ट्राध्यक्ष शोभेल असा होता.

त्या वर्षी लिंकनला उमेदवारी मिळाली आणि हा फोटो अक्षरशः व्हायरल झाला. हार्पर्स वीकलीने त्यावरून चित्र छापलं. करियर अँड आइव्ह्ज या कंपनीने भिंतीवर लावायची चित्रं काढली. प्रचाराच्या बिल्ल्यांवर तोच चेहरा. लिंकन जिंकला, आणि आपल्याला निवडून आणण्यात या फोटोचा हात आहे असं तो पुढे म्हणाल्याचं सांगतात.

आता पैशाचं बघू. त्या सगळ्या छापलेल्या चित्रांमधून ब्रेडीला किती मिळायला हवं होतं? अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात फोटो आणि निगेटिव्ह यांचा स्पष्ट उल्लेख आला तो 1865 मध्ये. 1860 मध्ये एखाद्या चित्रकाराने फोटो समोर ठेवून लाकडी ठसा कोरला तर त्याला अडवणं अवघड होतं. फोटो जितका पसरेल तितकं ब्रेडीचं नाव मोठं व्हायचं. पण गल्ल्यात पैसे पडायचे ते नवं गिऱ्हाईक जिना चढून वर आलं तरच.

तेवढ्यात बाजार पुन्हा बदलला. पॅरिसच्या दिस्देरीने 1854 मध्ये एका तंत्राचं पेटंट घेतलं होतं. एकाच काचेवर आठ छोटे फोटो, कापून व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. 1860 च्या आसपास ही कार्डं अमेरिकेत आली आणि लोकांना अल्बम भरायचं वेड लागलं. घरच्यांचे फोटो, बाजूला लिंकन, त्याच्या बाजूला एखादी नटी. एक कार्ड पंचवीस सेंटच्या आसपास. साडेसातशे डॉलरच्या इम्पीरियलचे दिवस संपले. मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यावर गावातल्या पासपोर्ट फोटोवाल्यांचं जे झालं, तसाच हा दणका होता. फरक इतकाच, की ब्रेडीने तोही पचवला. अँथनी नावाच्या मोठ्या कंपनीशी त्याने करार केला. ब्रेडीच्या निगेटिव्हवरून कार्डं छापून विकायचं काम कंपनी करायची, ब्रेडीला हिस्सा मिळायचा. काच, रसायनं, कागद हा मालही हीच कंपनी ब्रेडीला पुरवायची. उधारीवर.

एप्रिल 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं. स्टुडिओवाल्यांसाठी हा सीझन होता. हजारो पोरं गणवेश चढवून आघाडीवर निघाली होती, प्रत्येकाला जाण्याआधी घरी एक फोटो ठेवायचा होता. ब्रेडीच्या जाहिरातीही लोकांना आठवण करून द्यायच्या की उशीर कधी होईल सांगता येत नाही. ऐकायला निष्ठुर वाटतं, पण गल्ला भरत होता. ब्रेडी दोन्ही गॅलऱ्यांत बसून शिपायांची कार्डं विकत राहिला असता तर म्हातारपणी आरामात राहिला असता, असं मला तरी वाटतं.

त्याने ठरवलं की आपण युद्धाचे फोटो काढायचे.

ओळखीपाळखी वापरून त्याने परवानग्या मिळवल्या. परवानगी मिळाली, पैसा नाही. सरकारने साफ सांगितलं होतं, खर्च तुमचा. जुलै 1861 मध्ये बुल रनच्या लढाईला तो स्वतः गेला. उत्तरेच्या सैन्याची दाणादाण उडाली, त्या पळापळीत ब्रेडीही सापडला आणि कसाबसा वॉशिंग्टनला पोहोचला. आल्यावर त्याने त्याच मळक्या लांब कोटात स्वतःचा एक फोटो काढून घेतला. मार्केटिंगचं भान कुठेही सुटत नव्हतं.

मग त्याने माणसं नेमली. घोड्यांच्या गाड्या घेतल्या आणि त्यांना काळा कपडा लावून चालत्या-फिरत्या डार्करूम केल्या. शिपायांना हा काय प्रकार आहे ते कळेना, ते या गाडीला व्हॉटिझिट म्हणायचे, म्हणजे हे काय आहे गाडी. काच ओली असतानाच सगळं उरकावं लागे, हातात साधारण दहा-पंधरा मिनिटं. एक्सपोजरला काही सेकंद लागायचे, त्यामुळे धावता घोडा किंवा सुटलेली तोफ टिपणं शक्यच नव्हतं. छावण्या, पूल, सेनापती, तोफा, आणि लढाई संपल्यावर न हलणारी माणसं. म्हणजे प्रेतं.

17 सप्टेंबर 1862 ला मेरीलँडमध्ये अँटीटमची लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 23,000 लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. गार्डनर आणि जेम्स गिब्सन प्रेतं पुरायच्या आत तिथे पोहोचले. ऑक्टोबरमध्ये ब्रेडीने न्यूयॉर्कच्या गॅलरीत अँटीटमचे मृत या नावाने प्रदर्शन मांडलं. ज्या भिंतींवर लोकांनी आजवर नटूनथटून बसलेले चेहरे पाहिले होते, तिथे कुंपणाच्या कडेला पडलेली, फुगलेली माणसं होती. लोकांच्या रांगा लागल्या. न्यूयॉर्क टाइम्सने त्यावर सविस्तर लिहिलं. अमेरिकेच्या लोकांनी आपल्याच रणांगणावरचे मेलेले शिपाई पहिल्यांदा फोटोत पाहिले ते इथे.

श्रेय मिळालं ब्रेडीला. गार्डनरने त्यानंतर काही महिन्यांतच ब्रेडीची साथ सोडली आणि 1863 मध्ये वॉशिंग्टनलाच स्वतःची गॅलरी थाटली. का सोडली याची कारणं वेगवेगळी सांगितली जातात. पण टिमोथी ओ'सुलिव्हानसारखी चांगली माणसंही त्याच्याकडे गेली, आणि गार्डनरने युद्धाच्या फोटोंचं पुस्तक काढलं तेव्हा प्रत्येक फोटो कुणी काढला त्याचं नाव छापलं. जुलै 1863 च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावर आधी पोहोचले ते गार्डनर आणि त्याची माणसं. ब्रेडी पोहोचला तेव्हा प्रेतं पुरून झाली होती.

रांगा लागल्या, पेपरात आलं, मग पैसे का नाही आले?

याचं कारण एकदम साधं आणि तांत्रिक आहे. त्या काळात पेपर फोटो छापूच शकत नव्हते. छपाईच्या यंत्राला फक्त काळं आणि पांढरं कळायचं, फोटोतले करडे रंग ठिपक्यांत मोडून छापायचं हाफटोन तंत्र 1880 नंतर रुळलं. तोवर पेपरातला चित्रकार फोटो बघून लाकडावर कोरायचा आणि तेच छापलं जायचं. थोडक्यात, ब्रेडी फोटोजर्नालिझम करत होता, पण फोटो विकत घेणारे पेपर अजून जन्माला यायचे होते. उरली होती ती एक-एक प्रिंटची किरकोळ विक्री. त्यात किती माणसं दिवाणखान्यात प्रेतांचा फोटो लावणार?

ब्रेडीचा हिशेब वेगळा होता. युद्ध संपलं की हा सगळा ठेवा सरकार घेईल, एवढा मोठा इतिहास दुसऱ्या कुणाकडे आहे, असं त्याने धरून चाललं होतं. त्या भरवशावर त्याने काढलेल्या आणि विकत घेतलेल्या मिळून दहा हजारांहून जास्त काचा जमवल्या. त्याच्या सांगण्यानुसार खर्च झाला एक लाख डॉलर. महत्त्वाच्या निगेटिव्हचे दोन-दोन संच ठेवले. आणि माल येत होता अँथनी कंपनीकडून, उधारीवर.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला. काही दिवसांत ब्रेडी त्याच्या रिचमंडच्या घरी जाऊन पोहोचला आणि हरलेल्या सेनापतीला गणवेशात मागच्या दाराशी उभं करून फोटो काढून आला. लोकांना खुर्चीत बसवायचं कसब त्याच्याकडे शेवटपर्यंत होतं.

आणि मग फोन वाजायचा बंद होतो तसं झालं. सहा लाखांहून जास्त माणसं गमावलेल्या देशाला ते सगळं विसरायचं होतं. गार्डनरचं पुस्तक 1866 मध्ये आलं, दोन खंड, शंभर फोटो, किंमत 150 डॉलर. तेही आपटलं. म्हणजे श्रेय देणारा आणि श्रेय घेणारा, दोघांचाही माल पडून राहिला. ब्रेडीने संग्रह सरकारने घ्यावा म्हणून खटपट सुरू केली. काँग्रेसच्या एका समितीने, म्हणजे तिथल्या संसदेच्या समितीने, दोन हजार पोर्ट्रेट 75,000 डॉलरला घ्यावीत अशी शिफारस केली. पुढे काहीच हललं नाही. 1873 मध्ये अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. ब्रेडी दिवाळखोर झाला, न्यूयॉर्कची गॅलरी गेली.

निगेटिव्हचा एक संच उधारीपोटी अँथनी कंपनीकडे गेला. दुसरा संच गोदामात पडून होता आणि त्याचं भाडं थकलं होतं. गोदामवाल्याने तो लिलावात काढला. 1874 मध्ये युद्ध खात्याने तो लिलावात उचलला, सुमारे 2,500 डॉलरला. ज्या सरकारला विकायची ब्रेडी इतकी वर्षं वाट बघत होता, त्या सरकारने माल घेतला, पण पैसे गेले गोदामवाल्याला.

जेम्स गारफिल्ड आणि बेंजामिन बटलर या दोन काँग्रेस सदस्यांनी हा प्रश्न लावून धरला. दोघेही युद्धात सेनापती होते, गारफिल्ड पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. त्यांच्यामुळे 1875 मध्ये काँग्रेसने संग्रहाच्या पूर्ण हक्कांपोटी ब्रेडीला 25,000 डॉलर मंजूर केले. खर्चाच्या चौथा हिस्सा, युद्धानंतर दहा वर्षांनी. तेही देणेकऱ्यांनी नेले.

जुन्या काचांचं काय झालं याच्या कथा आणखी वाईट आहेत. युद्धाच्या काळातल्या कितीतरी निगेटिव्ह जुनी काच म्हणून विकल्या गेल्या आणि झाडांच्या काचघरांना लागल्या, तिथे उन्हाने त्यावरचे शिपाई हळूहळू पुसले गेले, असं सांगतात. पण सरकारकडचा संच अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात टिकला, आणि अँथनीकडे गेलेला संच अनेक हात फिरून 1943 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पोहोचला. यादवी युद्धावरची कुठलीही डॉक्युमेंटरी लावा, अर्धे फोटो यातलेच असतात. ऑनलाइन हाय रिझोल्यूशनमध्ये बघता येतात, फुकट.

ब्रेडी मात्र नंतरही पोर्ट्रेट काढत राहिला. वॉशिंग्टनची गॅलरी काही वर्षं चालली, मग तीही बंद पडली. भाचेजावई-पुतण्यांच्या नात्यातला लेव्हिन हँडी हा फोटोग्राफर त्याच्या हाताखाली तयार झाला होता, त्याचा आधार राहिला. 1887 मध्ये बायको ज्युलिया गेली. मूलबाळ नव्हतं. 1895 मध्ये वॉशिंग्टनच्या रस्त्यात एका गाडीने त्याला उडवलं, पाय मोडला.

त्या अवस्थेतही त्याच्या डोक्यात एक कार्यक्रम होता. युद्धाचे फोटो स्लाइडवर घेऊन पडद्यावर मोठे करून दाखवायचे, तेही न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये. तारीख ठरली होती जानेवारी 1896 च्या अखेरची. तिकीट काढून लोक येणार होते. तीस वर्षांनी का होईना, युद्धाच्या फोटोंवर पैसे मिळायची एक संधी चालून आली होती. कार्यक्रमाला दोन आठवडे उरले असताना तो हॉस्पिटलमध्ये वारला.

वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल सेमेटरीत त्याला पुरलं. थडग्यावरच्या दगडावर मृत्यूचं साल 1895 असं चुकीचं कोरलं गेलं.